घंटेच्या दोन दोरांचा हिशेब

मास्तर, आज वर्गात दोन दोऱ्यांना टांगलेल्या वजनाचं गणित घातलं आणि खडू हातात तसाच राहिला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे गणित आलं की मी चौसाळ्याकडच्या आपल्या गावात, देवळापुढच्या पटांगणात जाऊन उभा राहतो.

दरवर्षी जत्रेला नवसाची नवी घंटा यायची; ती देवळात चढवण्याआधी पटांगणात टांगून वाजवायची. तिला एक दोर वरच्या गल्लीचा, एक खालच्या गल्लीचा, हा आपल्याकडचा मान. वरच्यांचा दोर लांबच्या लिंबाला, चांगला आडवा जायचा. आमचा जवळच्या खांबाला, जवळजवळ उभा. त्या वर्षी घंटा भलतीच जड आली. पाटील म्हणाले, "खालच्या गल्लीचा दोर जुना हाय. औंदा दोनी दोर आमचेच लावू." माझे वडील मान खाली घालून उभे होते. एकदा गेलेला मान परत मिळत नाही, हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं.

तुम्ही निजाम सरकारचे मास्तर, रोजचं जेवण पाटलांच्या घरी. गप्प बसला असतात तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण तुम्ही मला पुढे बोलावलंत. "दोन दोरांचं गणित शाळेत उर्दूत केलंस, ते इथं मराठीत करून दाखव. कुणाच्या दोरावर किती भार?" मी काडीने मातीत रेघा ओढल्या. "जास्त भार आमच्या दोरावर येतो," मी म्हणालो. "आडवा दोर बाजूला ओढतो. उचलायचं काम उभ्याचं."

पाटील हसले. "काहून रं? दोर दोन, तर वजन निम्मं-निम्मं!"

तुम्ही वाद घातला नाहीत. भरलेली कळशी दोन सुतळ्यांना बांधलीत, आडवी सुतळी पाटलांच्या हाती दिलीत, उभी वडिलांच्या. मग जागा बदलायला लावलीत. पाटलांचा हात खाली गेला, हसूही गेलं. "खरं हाय पोराचं," ते म्हणाले, आणि एवढ्या माणसांत ते म्हणाले हे त्यांचं मोठेपण. "मंग जास्त भार उचलणाऱ्याचा मान कसा काढावा? खालच्यांनी जाड दोर आणावा. न्हाईतर आमी हाव."

पिकाला पाणी देणं ऐन भरात होतं, तरी वडील धावत जाऊन विहिरीवरच्या मोटेचा नाडा, तो जाडजूड दोर, सोडून घेऊन आले. घंटा वर गेली, डुलली, स्थिर झाली. नाडा करकरला, पण तुटला नाही. "जास्तीचं वजन आमच्या गल्लीवर हाय!" वडील भेटेल त्याला सांगत सुटले. त्यांची ती ताठ मान पाहून ऊर भरून आला, आणि मी तुमचा विद्यार्थी आहे याचा अभिमान आजही तेवढाच वाटतो.

साऱ्या गावाने माझी पाठ थोपटली. तुम्ही मातीकडे बघून एवढंच म्हणालात, "रेघा वाकड्या आल्यात. घरी जाऊन नीट काढ."

काढल्या, मास्तर. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून या कागदावरच सांगतो. मुलांना मी ऊठसूट शाबास म्हणतो, पण तुमची एक शाबासकी मला अजून हवी आहे.