पडायला शिकते आहे

९ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,

शि. सा. न. वि. वि. इतकी वर्षं हा साष्टांग नमस्कार मी नुसता कागदावर घालत आले. गेले तीन आठवडे मात्र एक दिवसाआड खरोखर जमिनीवर घालते आहे. तेव्हा यावेळचा नमस्कार पुरेपूर पावला असं समजा.

सांगते. मी ज्युडो शिकायला लागले आहे. हसून झालं की पुढे वाचा.

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यामागच्या गल्लीत टायरचं गोदाम आहे, त्याच्यावर एक लांबलचक खोली. हे गेल्यापासून माझा पाय घरात ठरत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं ते कळत नाही. कामावरून सुटले की सरळ घरी न जाता भटकत राहते. तशीच एक दिवस त्या गोदामाखाली आले, तर वरून धप्प धप्प आवाज. वाटलं, कोणीतरी कागदाचे गठ्ठे उतरवतंय आणि चुकीचे उतरवतंय. सांगायला वर गेले, तर गठ्ठे नव्हते, माणसं होती. पडत होती, उठत होती, परत पडत होती, आणि कोणाचीही धावाधाव होत नव्हती. मी दाराशी तासभर उभी राहिले. दोन वर्षांत एका जागी इतका वेळ पहिल्यांदाच थांबले असेन.

शिकवणारी जेमतेम अठ्ठावीसची आहे. दिवसा एका दवाखान्यात एक्स-रे काढते. सगळे तिला मास्तरीण म्हणतात, चाळिशीचे पुरुषसुद्धा. तिने माझं वय विचारलं, मी चौपन्न सांगितलं. ती म्हणाली, मग पहिले दोन महिने नुसतं पडायचं. हनुवटी छातीला लावायची, नजर पट्ट्याच्या गाठीवर, आणि पाठ टेकता टेकता हात अंगाशेजारी गादीवर जोरात आपटायचा. असं पडलं की लागत नाही. माझ्या जोडीला एक दातांचा डॉक्टर दिला आहे. दर वेळी मला पाडण्याआधी तो माफ करा हं म्हणतो. त्यामुळे कधी पडायचं ते तरी आधी कळतं.

मला अजून जमत नाही. माझा उजवा हात पुढे जातो. तीस वर्षं फर्मे जुळवले ना वन्सं, फर्मा म्हणजे तो सोळा पानांचा घडी घातलेला कागद, तो हातातून निसटला तर जमिनीला लागायच्या आत धरायचा, नाहीतर मळतो. तो हात आता माझं ऐकत नाही. मनगट सुजलं आहे.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, पण या पत्रात नाही. ती कळल्यावर तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल की नाही, याची मला खात्री वाटत नाही. म्हणून एखादं पत्र आधीच पदरात पाडून घेते आहे. गुडघ्याचं तेल चालू आहे ना? आजवर जीव लावलात, तो या पत्रापुरता तरी राहू द्या.

तुमची,
खळबाई


१७ फेब्रुवारी

चि. खळबाईस,

अ. उ. आ. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या बोटांना खळ लागलेली पाहून मी हे नाव ठेवलं, तेव्हा वाटलं नव्हतं की याच हातांनी एक दिवस तू दातांच्या डॉक्टरशी झोंबाझोंबी करशील.

हसले नाही, भ्यायले. चाळीस वर्षं नर्स होते मी. चौपन्न वर्षांची बाई पडली की काय काय मोडतं, ते तुझ्या त्या मास्तरणीला फोटोत दिसतं; मी ते हातांनी बांधलेलं आहे. तुला फिरायला जायचं असेल तर बागेत जा. वाचायचं असेल तर आता पुस्तकं पहिल्या पानापासून वाच. तुझ्या त्या कारखान्यात जे हाती येईल तिथून वाचायची सवय लागली, म्हणून गोष्ट मधूनच सुरू झाली आणि मधेच संपली तरी तुला काही वाटत नाही. मला वाटतं. तेव्हा ती काय गोष्ट आहे ती पूर्ण लिही. दुसरं लग्न करते आहेस का? कर. आजार आहे का? कोणत्या डॉक्टरला दाखवलंस ते कळव. आमच्या घराण्यात पत्र बंद करायची पद्धत नाही, तोंड बंद करायची तर त्याहून नाही.

फोन करू नकोस. माझ्या कानांना हल्ली नुसता आवाज कळतो, शब्द कळत नाहीत. खालच्या मजल्यावरची शिवणवाली फोन घेऊन मला ओरडून सांगते, आणि मग ते सगळ्या जिन्याला कळतं.

तुझा तो मालक कसा आहे? अजून सुट्टीच्या दिवशी राबवतो का माणसांना? त्याचं नाव काढलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. माझा भाऊ शिडीवरून पडला त्या रविवारी त्याने तुला कामावर बोलावलं नसतं, तर तू शिडीपाशी असतीस. असो. मनगटाला गरम पाण्याने शेक दे.

तू विचारलंस त्याहून थोडा जास्तच जीव आहे तुझ्यावर, पुरवून वापर.

वन्सं


२ मार्च

ती. वन्सं यांस,

शि. सा. न. वि. वि. मनगटाची सूज उतरली. लग्न नाही, आजार नाही.

बागेत जाऊन आले. एका बाकावर बसले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. माळी माझ्याकडे बघायला लागला तेव्हा निघाले. घरी सगळ्या खिडक्या पुसल्या. पुसून झाल्यावर लक्षात आलं की आदल्या दिवशीही पुसल्या होत्या.

वर्गात काल एक प्रकार झाला. डॉक्टरने माफ करा हं म्हणून मला पाडलं, आणि पुन्हा माझा हात पुढे. मास्तरीण येऊन माझ्याशेजारी गादीवर बसली. तिने विचारलं, बाई, तुम्ही पडता तेव्हा धरता तरी कोणाला? ती रागावून बोलली नाही, तिला खरंच कळत नव्हतं. मी उठले, चपला घातल्या आणि खाली आले. एक चप्पल डॉक्टरची होती, ते चौकात आल्यावर कळलं. तशीच घरी गेले.

मालकांबद्दल तसं लिहू नका, वन्सं. ते तसे नाहीत. मध्यंतरी त्यांनी मला विचारलं की तुमच्या नात्यात कोणी निवृत्त नर्स आहे का. मी हो म्हटलं तर लगेच कामाचा विषय काढला. तुम्ही त्यांना काही लिहिलं होतं का?

मी सांगणार आहे, खरंच सांगणार आहे. चार वेळा लिहायला घेतलं. चारही वेळा कागद चांगला घडी घालून फाडला, सवयीने.

तोवर माया पातळ करू नका.

तुमची,
खळबाई


११ मार्च

चि. खळबाईस,

अ. उ. आ. लिहिलं होतं. एक नाही, दोन कार्डं. पहिल्यात म्हटलं की माझ्या भावाचं रक्त तुमच्या हिशेबात धरा. दुसऱ्यात ज्या शिव्या मी वॉर्डबॉयना देत असे त्या सगळ्या दिल्या, फक्त सभ्य अक्षरात. उत्तर आलं नाही. अपराधी माणूस काय उत्तर देणार? मला जरासुद्धा पश्चात्ताप नाही.

पण तुझं हे पत्र वाचून मी जेवण तसंच ठेवलं. खळबाई, मी माणसांना भूल उतरताना पाहिलं आहे. आतलं बाहेर यायच्या आधी माणूस असाच तळमळतो, चादर ओढतो, उठून बसतो. तू गेली दोन वर्षं ती चादर ओढते आहेस. जे आहे ते टाक एकदाचं. मी आजवर बरंच काही ऐकून घेतलं आहे, अजून ऐकेन.

डॉक्टरची चप्पल परत दे. वर्ग सोडू नकोस. मी म्हणते आहे, लिहून ठेव.

जीव लावणारी पण आता चिडलेली,
वन्सं


२० मार्च

ती. वन्सं यांस,

शि. सा. न. वि. वि.

त्या रविवारी मी कामावर नव्हते. मी घरी होते.

तुम्हाला ठाऊक आहे, सुट्टीच्या दिवशी हे कुठे पाटी रंगवायला गेले की शिडी मी धरत असे. शिडीला टेकून पुस्तक वाचायचं, वरून हे विचारायचे की अक्षर सरळ आलं का, मी न बघताच हो म्हणायचे. तेवीस वर्षं असं चाललं होतं.

कारखान्यात एका कादंबरीचं काम आलं होतं. छपाईत बिघडलेले फर्मे रद्दीत जायचे, ते मी मालकांना विचारून घरी आणत होते. कुठे शाई फिकी, कुठे पान तिरकं. अकरा महिन्यांत एक एक करून सगळे मिळाले, फक्त शेवटचा राहिला होता. तो त्या शनिवारी मिळाला. रविवारी सकाळी ती पूर्ण शिवायची, शेवट वाचायचा, असं ठरवून टेबलावर ठेवला. ह्यांनी त्याला ब्रश पुसला. तांबडा. औषधाच्या दुकानाची पाटी होती ना, तिचा.

मी खूप बोलले, वन्सं. हे आधी हसले, मग म्हणाले की बिघडलेलाच तर कागद होता. मी म्हटलं, तुमची शिडी तुम्हीच धरा. हे दाराशी थोडा वेळ थांबले. मी पाठ करून बसले होते. मग शिडी जिन्याच्या भिंतीला घासत खाली गेल्याचा आवाज आला. निरोप आला तेव्हा मी तांबड्या रंगाखालची अक्षरं उजेडात धरून लावायचा प्रयत्न करत होते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तुम्ही मला पहिलं विचारलंत की तू कुठे होतीस. मी म्हटलं, कामावर. पुढे तुम्ही मला जवळ घेतलंत आणि ते तसंच राहून गेलं.

मी माफी मागत नाही. मागितली तर तुम्हाला काहीतरी उत्तर देणं भाग पडेल. तुम्ही काय ठरवाल ते बरोबरच असेल.

लोभाचं या वेळी लिहीत नाही.

खळबाई


१४ एप्रिल

ती. वन्सं यांस,

शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र नाही. पंचवीस दिवस झाले. उत्तर मागायला लिहीत नाही, तुम्ही बऱ्या आहात एवढं कोणाकडून तरी कळवा. कोरं कार्ड टाकलंत तरी चालेल, पत्ता तुमच्या अक्षरात असला म्हणजे झालं.

वर्गाला जाते, कारण तुम्ही म्हणाला होतात. शनिवारी परीक्षा होती. दहा वेळा पडून दाखवायचं. मी मास्तरणीला आधीच सांगितलं की मी कोणाला धरत होते. तिने मान हलवली आणि डॉक्टरला खूण केली. त्याने दहाही वेळा माफी मागितली. सात वेळा हात जागेवर आपटला, तीन वेळा पुढे गेला. सातांना पास करतात. पिवळा पट्टा मिळाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला खाली मान घालून उभं राहवेना, म्हणून पाण्याच्या पिंपापाशी जाऊन तीन पेले पाणी प्यायले.

घरी आले आणि हे कळवायला कोणी आहे का, ते आठवून पाहिलं.

खळबाई


१९ एप्रिल

खळबाई,

वरती आशीर्वाद लिहिलेला नाही, तो चुकून राहिलेला नाही.

तुझं मार्चचं पत्र आलं त्या दिवशी मी ते चारदा वाचलं. मग तुझी सगळी पत्रं काढून चुलीत घालायची ठरवली. पत्रांचा डबा कपाटावर असतो. स्टुलावर चढले आणि पडले. तुला जी सांगायची हिंमत झाली तिच्या निम्मी मला झाली नाही, म्हणून आजवर कळवलं नव्हतं. कंबर मोडली नाही, डावा हात मोडला. सकाळी नऊला पडले, शिवणवाली वर आली चारला. सात तास मी जमिनीवर, अंगावर तुझी पत्रं. चाळीस वर्षं लोकांना उठवलं, स्वतःला कुशीवर वळवता आलं नाही. रागाला सात तास पुरतात असं मला वाटलं होतं, पुरले नाहीत. अजून बाकी आहे.

तू शिडी धरली असतीस तर तो वाचला असता का, हे मला विचारू नकोस. तूही स्वतःला विचारू नकोस, असं म्हणायचा मोठेपणा माझ्याकडे आज नाही. तो तसाच होता. लहानपणी माझ्या वहीला हात पुसायचा. मीही त्याला कित्येकदा घराबाहेर काढलं आहे. फरक इतकाच की माझ्या वेळी तो परत आला.

माझ्याशी खोटं बोललीस, ते मात्र लागलं. दोन वर्षं मी एका निरपराध माणसाला कार्डं पाठवली. काल उजव्या हाताने त्याला तिसरं लिहिलं. माफीचं पत्र मला लिहिता येत नाही असं कळलं. पाच ओळींत तीन वेळा खाडाखोड झाली, आणि शेवटी मी त्याचंच जरा चुकलं असं लिहून बसले. ते तू कामावर गेलीस की निस्तर.

पट्ट्याचं वाचलं. दहांत सात. नर्सिंगच्या पहिल्या परीक्षेत मलाही तेवढेच होते.

आता नीट वाच, आणि पहिल्या ओळीपासून वाच. डॉक्टर म्हणतो प्लास्टर अजून महिनाभर राहील. मी पलंगावरून उतरत नाही. दुखतं म्हणून नाही, भीती वाटते म्हणून. शिवणवाली हात धरते, पण तिचा मला भरवसा वाटत नाही. पाय खाली सोडते आणि परत वर घेते. सबंध दिवस हेच चालतं. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही आणि तू मास्तरणीलाही सांगायचं नाही.

तू ये. तुला क्षमा केली म्हणून बोलावत नाही, तसा गैरसमज नको. मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि ते कागदावर होत नाही. मी ओरडले की तू उठून जायचं नाहीस, पाठ करायची नाहीस. ओरडून झालं की मला पडायला शिकव. आधी पलंगावर, मग जमिनीवर. माफ करा हं म्हणायची गरज नाही.

शनिवारची गाडी घे. किल्ली शिवणवालीकडे आहे. मी पलंगावरच असेन, पाय मात्र खाली सोडून बसेन.

वन्सं