ज्यांना विचारलंच नव्हतं

विष्णुपुरी, नांदेड
१५ डिसेंबर २०२४

चि. बुद्धप्रियास,

सप्रेम जयभीम. आम्ही इकडं बरे आहोत. कॉलेजात परीक्षा चालू आहेत, प्रयोगशाळेत दिवसभर उभं राहून माझे पाय कामातून गेलेत. वहिनीचा निरोप आहे, लातूरला थंडी पडली असेल, ड्युटीवर जाताना कान बांधत जा.

तू फोनवर म्हणालीस, "दादा, साहेबराव चांगला माणूस आहे. पण एकदा मामाला, भावकीला विचारून घे. नाही म्हणाले तर सोडून देते." एक्केचाळीस वर्षांची नर्स तू, वॉर्डात डॉक्टरांना दटावतेस, आणि लग्नाला अजून मामाचा होकार पायजे!

तरी गेल्या रविवारी जळकोटला गेलो. रामकिशनमामानं सगळं ऐकलं. म्हणाला, "करू दे की पोरीला. मला काय इचारतूस? अर्धापूरच्या प्रेमच्या वक्ताला तर इचारलं न्हाईस. लई गुणाचं पोरगं होतं. पोरीलाच नको हाय, असं तूच सांगितलंस."

चहा अर्धाच ठेवून मी निघालो.

आता लिहितोच. फोनवर तोंडातून निघालं नसतं. नऊ वर्षांमागं तू प्रेमला पसंत केलंस, तेव्हा मी म्हणालो, मामा नको म्हणतो, भावकी तोंडात शेण घालील. बाई, मी कुणालाच विचारलं नव्हतं. आईला लकवा झाला होता. तू अर्धापूरला गेली असतीस तर तिचं करणं माझ्यावर आलं असतं. एवढंच होतं. नाव लोकांचं पुढं केलं, लोक बिचारे आपापल्या घरी होते.

तू एका शब्दानं भांडली नाहीस. आई जाईपर्यंत तिचं सगळं केलंस. लोक म्हणायचे, नशीबवान आहेस, अशी बहीण मिळाली. मी हाव म्हणायचो. लई लाज वाटते गं. थकलो हे वागवून.

म्हणून यावेळी ना भावकीचं मत गोळा करणार, ना माझं देणार. साहेबरावसोबत रोज जेवायला तू बसणार, त्याच्या दुखण्याखुपण्यात तू उठणार. बाकीचे आम्ही पंगतीपुरते. तारीख तुम्ही दोघं ठरवा.

मला बोलवायचं का नाही, तेही तूच ठरव. कुणाला विचारू नको.

ज्याचं ऐकायला नको होतंस, तो
आनंदराज
(पुढं 'दादा' लिहवेना.)