तुझ्या सुनेच्या नावाचा अर्थ

१२ नोव्हेंबर १९९९, शुक्रवार. सुट्टी होती. सकाळी सुरमई आणली. जेवून थोडा पडलो. चारला तुझी सून हॉस्पिटलात ड्युटीवर गेली.

आई, निघताना बूट घालता घालता तिने विचारलं, "तुझ्या आईने मला एकदाही नावाने हाक मारली नाही. मी आवडले नव्हते का?"

आम्ही इथे बहारीनमध्ये परस्पर लग्न उरकलं होतं, तरी तू रागावली नव्हतीस. मुहर्रकच्या या घरी आलीस आणि दुसऱ्याच सकाळी स्वयंपाकघरात ताटात तांदूळ पसरून बसलीस. तांदळात सुनेचं नाव लिहायचं, साखर वाटायची, म्हणजे ती आपल्या घरची.

"नवीन नाव ठेवायचं नाही हां," तू म्हणालीस. "माझं बदललं तेव्हा मला कुणी विचारलंही नव्हतं. हिचं आहे तेच लिहू. गोशा ना? अर्थ काय रे त्याचा?"

"अर्थ-बिर्थ काही नाही. पोलंडमधलं नाव आहे."

"असं कसं? आईबापाने उगाच ठेवलं? गावच्या बायका विचारतील, त्यांना काय सांगू? थांब, तिलाच विचारते."

"नको आई. त्यांच्यात असलं आवडत नाही."

हे मी तिला न विचारताच सांगितलं. ती आपल्याला मागासलेले समजेल, ही माझी भीती. तू ताट उचललंस. मग "बरं बाबा, आमचं आपलं गावठी," म्हणत तांदूळ डब्यात ओतलेस. तू इथे होतीस तोवर तिला नुसतं "अगं" म्हणायचीस, तेही जपून. पुढच्या वर्षी तू कायमची गेलीस.

आज दारातच मी तिला हे सगळं सांगितलं. ती एका पायात बूट घालून ऐकत होती. "गोशा हे लाडाचं," ती म्हणाली. "पूर्ण नाव माऊगोझाता. मूळ ग्रीक शब्द, म्हणजे मोती. मी बहारीनला निघाले तेव्हा आजी हसली होती, मोती मोत्यांच्याच बेटावर चालला म्हणून." इतक्या वर्षांत मीही विचारलं नव्हतं. "त्या मला विचारणार होत्या, आणि तू नको म्हणालास?" भांडली नाही. "यल्ला, चल निघते, उशीर झाला," म्हणून गेली.

तुला अर्थ कळवावा म्हणून लिहायला बसलो. पाठवणार कुठे? आणि लग्नाआधीचं तुझं नाव काय होतं, ते मला माहीत नाही. तू विषय काढलास तेव्हाही मी विचारलं नाही. आता सांगणारं कुणी उरलं नाही.

उद्या सकाळची शिफ्ट आहे. शर्टाला इस्त्री करायला घेतो.