निःशब्द पंखे, बोलकी लिफ्ट

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. कुणी वाचू नये. मी नावारूपाला आल्यावर बघू.

ऑफिसात काउंटरवर टोकन नंबर पुकारायचो, तेव्हा लोक जागचे हलत नसत. नुसते ऐकत राहायचे. साहेबांना वाटायचं, लोकांना कळत नाही मी काय बोलतोय. गुणाची कदर नाही. सोडली नोकरी. आता मी व्हॉइस आर्टिस्ट. लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीला आवाज हवाय. ‘दरवाजे बंद होत आहेत’, मग सातव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत सगळे मजले. नमुना वीस तारखेपर्यंत पाठवायचा. हिने स्पष्ट सांगितलंय, यातही काही झालं नाही तर एक तारखेपासून मुकाट्याने तिच्या भावाच्या फरश्यांच्या दुकानात बसायचं. म्हटलं, बघच तू.

४ मार्च
रेकॉर्डिंग केलं. आवाज अप्रतिम, पण मागे सारखं घूंऽऽ. कॉम्प्युटरचे पंखे! लिफ्ट थेट पिठाच्या गिरणीत उघडते असं वाटतं. ही म्हणाली, कॉम्प्युटर बंद कर आणि माझ्या मोबाईलवर बोल. हसू आलं. बिचारीला या क्षेत्रातलं काही कळत नाही. निश्चय: उद्या पंखे बदलायचे. एका दिवसाचं काम.

५ मार्च
कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदार मलाच शिकवायला लागला. मोठा पंखा घ्या, तो हळू फिरतो, वारा तेवढाच आणि आवाज कमी. मी सांगितलं, माझा फक्त माझ्या कानावर विश्वास आहे. एकेक पंखा चालू करायला लावला आणि कानाशी धरला. बाहेर ट्रकचे हॉर्न चालू होते, त्यामुळे सगळेच पंखे शांत वाटले. एका पंख्याच्या पात्यात कानाची पाळी सापडली. दुकानदाराने कापूस दिला. शेवटी ज्याच्या खोक्यावर ‘अल्ट्रा सायलेंट’ तीन ठिकाणी छापलंय, तो छोटा पंखा घेतला. उगाच कुणी तीनदा छापत नाही.

६ मार्च
टिक टिक करतो मेला. हिला ऐकू येत नाही. बाबांना बोलावलं. कान लावून बराच वेळ बसले, मग विचारलं, हा चालू आहे का? बाबांना कमी ऐकू येतं हे मान्य. पण माणसाने थोडा प्रयत्न करावा.

९ मार्च
पंखा बदलून आणला. हा घरघर करतो. दुकानदार म्हणे, पंखा टेबलावर ठेवून ऐकू नका, टेबल थरथरतं, त्याचा आवाज येतो. टेबल सासऱ्यांनी दिलेलं आहे, तेव्हा शक्यता नाकारता येत नाही.

११ मार्च
घरातल्या बाकीच्या आवाजांचा बंदोबस्त केला. फ्रिज बंद. भिंतीवरचं घड्याळ रजईत गुंडाळून कपाटात. बाबांचे गुडघे उठताना कडकड वाजतात, म्हणून त्यांना विनंती केली की मी काम करत असताना उठू नका. त्यांनी विचारलं, आणि बाथरूमला लागली तर? म्हटलं, कलेसाठी थोडी कळ काढा. संध्याकाळपर्यंत फ्रिजमधलं दूध नासलं. त्यावर ही जे बोलली, ते रेकॉर्ड झालंय. पुसून टाकलं.

१३ मार्च
एकदाचा छडा लागला. पंखा मोठा हवा! मोठा पंखा हळू फिरतो, ही माझी जुनीच थिअरी. दुकानदाराला समजावून सांगितली. तो नुसता बघत राहिला, पटलेलं दिसत होतं. चार घेतले. तो म्हणाला दोन पुरेत, एक वारा आत घेईल, एक बाहेर टाकेल, कडेला बाण आहे तो बघून लावा. गिऱ्हाईक चार मागतंय आणि हा दोन देतोय. असा कधी धंदा होतो?

१५ मार्च
बसवले. बाणाचा भरपूर विचार केला. चांगला गार वारा आत आणायचा आणि पुन्हा बाहेर फेकायचा, हा कुठला शहाणपणा? चारही पंखे आत फुंकतील असे लावले. हिने विचारलं, मग आतली गरम हवा जाणार कुठून? म्हटलं, जायची गरज काय, आतच गार होईल. शिवाय आवाज बाहेर पडू नये म्हणून कॉम्प्युटरच्या सगळ्या फटींत स्पंज कोंबला. चालू केला. काहीही ऐकू येईना! चालू आहे की नाही ते बघायला तीनदा दिवा तपासला. डोळ्यांत पाणी आलं.

१७ मार्च
रेकॉर्डिंगचा श्रीगणेशा. छान खाली उतरत होतो. तिसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटर आपोआप बंद. पुन्हा केला. पाचव्यावर बंद. तिसऱ्यांदा सातवा मजलासुद्धा धड सुटला नाही. नवे पंखे आहेत, त्यांना रुळायला वेळ लागणार. मी बोलण्याचा वेग वाढवला. एका दमात सगळे मजले. ऐकून पाहिलं, लिफ्ट कोसळल्यासारखी वाटते.

२० मार्च, दुपार
शेवटचा दिवस. कॉम्प्युटर सुरूच होईना. वर जळका वास. दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने झाकण उघडलं आणि शेजारच्या दुकानातल्या माणसाला हाक मारून दाखवलं. म्हणाला, चारही बाजूंनी आत फुंकताय, वर सगळी दारं बंद, भाजून निघालाय बिचारा. मी विचारलं, पण आवाज? तो म्हणाला, आता अजिबात येणार नाही. मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो.

२० मार्च, संध्याकाळ
हिने मोबाईल पुढे केला. टोमणा नाही, काही नाही. त्यानेच घाबरलो. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. पहिल्यांदाच वाटलं, नाही जमलं तर? ही दार ओढून बाहेर थांबली. बोललो. पाठवून दिलं.

२६ मार्च
आला! कंपनीतल्या मॅडमचा फोन आला! म्हणाल्या, इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग दुसऱ्या कुणाचंच नाही. तुम्ही बोलायला सुरुवात करण्याआधीची शांतता आम्ही सगळ्या ऑफिसला ऐकवली. म्हटलं, खास पंख्यांची कमाल आहे. त्या वेळी पंखे दुरुस्तीवाल्याकडे होते, पण असले बारकावे फोनवर सांगत बसत नाहीत. मग त्या म्हणाल्या, आवाज दुसऱ्या एका गृहस्थांचा निवडलाय, पण ते राहतात तिथे फार गोंगाट आहे. तुमची खोली एक दिवस मिळेल का?

हो म्हणालो. का म्हणालो देव जाणे. हिला सांगताना, खोली निवडली एवढंच आधी सांगितलं. बाकीचं तिला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं.

३० मार्च
गृहस्थ आले. ठेंगणे, नम्र, सर्दी झालेले. मनात म्हटलं, हा कसला लिफ्ट चालवतो! त्यांनी मला आणि बाबांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि हात जोडून विनंती केली, उठू नका. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

दारातून ऐकू येत होतं. त्यांनी ‘तळमजला’ इतक्या साधेपणाने म्हटलं की मी बसल्या जागी पाय उचलला, बाहेर पडायला. माझ्यापेक्षा चांगलं म्हणतात. बरंच चांगलं. फार वाईट वाटलं. हे फक्त इथे लिहितोय, कुणाला सांगणार नाही.

१ एप्रिल
नऊला दुकानात हजर. मागच्या बाजूला फरश्या कापायचं मशीन दिवसभर चालू. मेहुण्याने गिऱ्हाइकांना भाव सांगायला बसवलं. पोटातून आवाज काढून सांगत होतो. गिऱ्हाइकं जागची हलेनात. मेहुणा जवळ आला, माझ्या कानाशी तोंड नेऊन ओरडला की दाजी, तुम्ही बोलू नका, नुसतं बोटाने दाखवा.

बोटाने दाखवलं. पहिल्याच दिवशी संडासाची फरशी विकली गेली.