आपण म्हणजे कोण?

४ मार्च, सोमवार
आजपासून व्यसनमुक्ती केंद्रात आम्हा कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण. डॉक्टर, सिस्टर, वॉचमन, मी समुपदेशक – सगळे एका रांगेत. शिकवायला आलेल्या बाईंनी पहिल्याच तासाला आमचा एक शब्द काढून घेतला. ‘आपण’.
“‘आपण गोळी घेतली का?’ तुम्हीही घेता का ती गोळी? नाही ना? मग ‘तुम्ही’ म्हणा. सांगू नका, विचारा. आणि विचारलंत की गप्प बसा.”
दुपारपर्यंत सिस्टरनं त्यांचं बारसं केलं – व्याकरणबाई!
माझ्याकडे एक पोस्टमन आहे. उपचार तीन महिन्यांचे, नुकताच आलाय आणि म्हणतो, “शनिवारी निघतो.” याआधीही अर्ध्यातून गेलेला. यंदा तसे घरी आलात तर दार उघडणार नाही, असं त्याच्या मुलीनं बजावलंय. स्वतःहून आलाय, अडवता येत नाही.

५ मार्च
‘आपण’ किती वेळा तोंडून निसटलं ते लिहीत नाही.

६ मार्च
नाटुकलं केलं. डॉक्टर झाले रुग्ण, वॉचमन झाला समुपदेशक.
“आपण का पितो?” वॉचमननं गंभीरपणे विचारलं.
“तुमचं माहीत नाही. मी सासुरवाडीमुळे.”
खिडकीबाहेर रुग्णांची ही गर्दी! पोस्टमन ओरडला, “डॉक्टर, इतक्या लवकर खरं सांगायचं नसतं!”
बाईंनी त्याला आत बोलावलं. रुग्णाचं काम कर म्हटलं तर नाही म्हणाला. तो मी झाला. खुर्ची पुढे ओढली, मान तिरकी केली – “हं… हं… आपण ना, जरा सकारात्मक राहायचं हं!” थेट माझा आवाज. हसून हसून डोळ्यांत पाणी. सगळ्यात जास्त मीच हसले.

७ मार्च
संध्याकाळी नवरा सोफ्यावरून, “आपण चहा टाकायचा का?”
“आपण म्हणजे कोण?”
शांतता. मी ती भरली नाही. शेवटी उठला! चहा पाणचट. दोन कप प्यायले.

८ मार्च
पोस्टमनला विचारलं, “तुम्हाला इथून काय हवंय?”
आणि गप्प बसले. जीभ दातांखाली धरून. तो पंख्याकडे बघत राहिला. मग बुटांकडे. मला किती वाक्यं सुचली! एकही बोलले नाही.
“हे कुणी विचारलं नव्हतं,” तो म्हणाला. “बघावं लागेल.”
निघून गेला. उद्या शनिवार.

९ मार्च
सकाळी दारात पोस्टमन. हातात भरलेली बॅग.
“मॅडम, खोली बदलून द्या. शेजारचा रेड्यासारखा घोरतो. तीन महिने काढायचे, तर झोप नको का माणसाला?”