दोन गाड्या बंद पडल्या त्याची गोष्ट

धार, रविवार, दिवे लागल्यावर

आज आमच्या लेकीसाठी, रेवासाठी, मुलगा बघायला देवासला जायचं होतं. सगळे नटून बसलो आणि गाडी सुरूच होईना. सासूबाई लगेच म्हणाल्या, "देवीची इच्छा नाही. हे स्थळ नकोच." मेकॅनिक मला हळूच म्हणाला, "भाभीजी, बॅटरी की तार किसी ने खोली है." मी पैसे देऊन त्याला वाटेला लावलं. सकाळी रेवाची बोटं काळी दिसली होती. विचारलं तर म्हणाली, काजळ लागलंय. काजळ, दोन्ही हातांना? तिला एवढ्यात लग्न नकोच आहे, महिनाभर सांगतेय.

ओशाळून देवासला फोन केला, तर मुलाची आईच रडवेली. मुलगा नोकरीसाठी मनावर गावी असतो, तिथून येणार होता. त्याचीही गाडी सकाळीच बंद पडली, आलाच नाही म्हणे!

सासूबाईंनी हात जोडले. "एकाच दिवशी दोन्ही गाड्या बंद! देवीनंच जोडी जमवली."

"पण सकाळी तिची इच्छा नव्हती ना?"

"तेव्हा पूर्ण गोष्ट कुठं माहीत होती आपल्याला?"

आणि पंचांग उघडलंसुद्धा! आता खरं कोण सांगणार? मलाच मेलं थोडं थोडं पटायला लागलं होतं.

मघाशी रेवाला विचारलं, "सांगू का आजीला, तार कुणी काढली ते?" ती बोटांवरचं काळं घासत राहिली. मग म्हणाली, "आई, त्याची गाडी खरंच बिघडली होती का गं? की त्यानंपण...?"

"मला काय माहीत!"

"मग नंबर दे. मीच विचारते."

दिला. तासभर झाला, दोघं अजून बॅटरीवरच बोलतायत.