सायलेन्सरातलं प्लॅटिनम

३ जुलै, गुरुवार
सकाळी पोरांना शाळेत सोडायच्या माझ्या व्हॅनला स्टार्टर मारला तर गाडी मळणीयंत्रासारखी ओरडली. वाकून बघितलं. सायलेन्सर कापून नेलेला. अकरा पोरं सणसर फाट्यावर उभी. पालकांना फोन करून करून घसा बसला. वालचंदनगरच्या शाळेत आज सगळ्यांचा खाडा. भंगारच पाहिजे होतं तर गोठ्यामागं पत्रा पडलाय की.

४ जुलै, शुक्रवार
भंगारासाठी नाही म्हणे. धाकटे दीर, बाळूभावजी, विचारपूस करायला आले आणि तासभर व्याख्यान देऊन गेले. सायलेन्सरात धूर साफ करायची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनमच्या जातीचे धातू. एके काळी प्लॅटिनम सोन्यापेक्षा महाग. मग डिझेल गाड्या कमी झाल्या, भाव पडला, सोनं पुढं गेलं. आता आफ्रिकेच्या खाणीतून माल कमी येतो, सोनं परवडेना म्हणून दागिनेवाले इकडं वळले, भाव परत चढला. चहा दोनदा प्याले. आफ्रिकेच्या खाणीतलं सगळं ठाऊक, आणि स्वतःच्या डाळिंबाला पाणी कधी द्यायचं ते बायकोला विचारतात.

७ जुलै, सोमवार
ट्रॅक्टरला बांधून गाडी रफिक मिस्त्रीकडं नेली. साधा सायलेन्सर बसवू म्हणाला. मग पाना पुसत, खाली बघत, "ताई, बोलू का नको कळंना. तुमचे दीर आलते पंधरा दिसांमागं. ह्या गाडीचा सायलेन्सर कंपनीचाच हाय का, आत जाळी हाय का, इचारत व्हते."
एसटीनं घरी आले.

८ जुलै, मंगळवार
यांना सांगितलं. कारखान्यावरून येऊन जेवत होते. ताटावरची मान वर नाही. बाळू असं करायचा न्हाय, म्हणाले, आणि आमटी मागितली. भावाचा विषय निघाला की यांना भूक लागते. लग्नापासून बघतेय.

१० जुलै, गुरुवार
मी स्वतःच गेले भावजींच्या शेतावर. मिस्त्रीला का विचारलंत, सरळ विचारलं. तर परत सुरू. अमेरिकेत व्याज उतरणार, डॉलर ढिला पडला की सगळे धातू वर... मी म्हटलं, डॉलर राहू द्या, सायलेन्सरचं सांगा. त्यांनी ठिबकची नळी उगीच इकडची तिकडं केली. मग म्हणाले, "वहिनी, नवा मी बसवून देतो. दादाला काय बोलू नका."
चोरी केली नाही, असं म्हणाले नाहीत. केली, असंही नाही. घरातले एकटे ग्रॅज्युएट म्हणून इतकी वर्षं भावजींपुढं मी शब्द जपून बोलायचे. कुणापुढं, तर ह्या माणसापुढं.

१२ जुलै, शनिवार
चोरीची तक्रार दिली होती, त्यावर इंदापूरहून पोलिसांचा फोन. दोघं धरलेत, बरेच सायलेन्सर सापडलेत, सोमवारी ओळखायला या. हे म्हणाले, सुट्टी मिळायची न्हाय. मिळत नाही का मागत नाहीत, ते विचारलं नाही.
भावजींना फोन लावला. ठाण्यात जायचंय, धरलेले दोघंही तिथंच आहेत, घरचं कुणीतरी सोबत पाहिजे, तुमी चला, एवढंच बोलले. पलीकडं पाण्याची मोटार चालू होती, ती त्यांनी बंद केली.
मग म्हणाले, "किती वाजता?"
नऊ, असं सांगितलं.